न वाचलेल्या पुस्तकांचा हिशेब

स्मरणिकेसाठी वाचनसंस्कृतीवर चार पाने लिहून द्यावीत, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा नेहमीचा लेख माझ्या मनात तयारच होता. ग्रंथ हेच गुरू, वाचाल तर वाचाल, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रंथांसाठी दादरला 'राजगृह' बांधले, ही सारी वाक्ये मी जयंतीच्या व्यासपीठावरून इतक्या वेळा उच्चारली आहेत की ती लिहिताना विचारही करावा लागला नसता. त्यांतले एकही खोटे नाही. परंतु मागच्या उन्हाळी सुट्टीत आपल्या ग्रंथालयाची मोजदाद करण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्या कामाने मला वेगळ्याच विषयाकडे नेले.

मोजदाद करताना प्रत्येक पुस्तकाचे शेवटचे पान उघडावे लागते. पुस्तक कधी बाहेर गेले आणि कधी परत आले, याच्या तारखांची चिठ्ठी तिथे चिकटवलेली असते. काही पुस्तकांच्या चिठ्ठ्या भरून त्यांवर दुसऱ्या चिकटवल्या होत्या. चरित्रे, भाषणे, सामान्यज्ञान, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके ही त्या भाग्यवंतांतली. काही चिठ्ठ्या मात्र कोऱ्या होत्या. वीस-वीस वर्षे कपाटात राहून पाने पिवळी पडलेली, पण चिठ्ठी कोरी. त्या कोऱ्या चिठ्ठ्यांची पुस्तके मी एका बाकावर रचू लागलो आणि थोड्याच वेळात माझ्या लक्षात आले की त्यांतली निम्मी मीही वाचलेली नाहीत. मुलांना वाचा म्हणून सांगणारा मी आणि या बाकासमोर उभा असलेला मी, यांची त्या दुपारी प्रथमच गाठ पडली.

प्रत्येक वाचकाचे काही साहित्यप्रकार टाळायचे ठरलेले असतात. विचारले तर तो म्हणतो, आवड नाही. हे उत्तर पुरेसे नाही, असे मला आता वाटते. टाळण्यामागे कारण असते आणि आपल्यासारख्या समाजात ते कारण बहुधा एकट्या वाचकाचे नसते. ते घरातून, वस्तीतून, इतिहासातून आलेले असते. म्हणून वाचकहो, प्रथम माझाच हिशेब मांडतो.

पहिला प्रकार रागाने टाळलेल्या पुस्तकांचा. ऐतिहासिक कादंबरी मी अनेक वर्षे हातात धरली नाही. महाविद्यालयात असताना एका वक्तृत्व स्पर्धेत मला बक्षीस म्हणून रणजित देसाई यांची 'स्वामी' मिळाली. १९६२ ची ही कादंबरी, साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली, मराठी घराघरांत पोहोचलेली. मी ती त्याच आठवड्यात एका वर्गमित्राला देऊन टाकली. मी इतिहासाचा विद्यार्थी होतो. पेशवाईतील पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके होते, हे बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये १९३६ साली लिहिलेले मी वाचले होते. त्या पेशव्यांच्या शयनगृहातील हळव्या गोष्टी वाचून मी डोळे का ओले करावेत, असा माझा सवाल होता. तो सवाल आजही मला चुकीचा वाटत नाही.

पण पुढे शिक्षक झाल्यावर नववीच्या वर्गात एका मुलीने विचारले, "सर, थोरले माधवराव चांगले होते की वाईट?" मी आवेशाने दहा मिनिटे बोललो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "सर, तुम्ही 'स्वामी' वाचली आहे का?" वर्गात चाळीस मुले होती. खोटे बोलणे शक्य होते, पण जमले नाही.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी कादंबरी वाचली. भाषा देखणी आहे, माधवराव आणि रमाबाई यांचे चित्र मनात राहते, हे मी कबूल करतो. मात्र वाचल्यामुळेच मला नेमके बोट ठेवता आले. वाड्याच्या मागल्या दाराने ये-जा करणाऱ्यांना या गौरवाच्या जगात फारशी जागा नाही, हे मी आधी ऐकीव म्हणून सांगत होतो. आता पाने उघडून दाखवू लागलो. थेऊरला पतीच्या मृत्यूनंतर रमाबाई सती जातात तो शेवट मी वर्गात चर्चेला घेतला. कादंबरी वाचताना आपला गळा दाटतो, तो का दाटतो आणि एका तरुण स्त्रीच्या जळण्याला आपण प्रेमाची परिसीमा का म्हणतो, हा प्रश्न मुलांनी तास संपेपर्यंत सोडला नाही. न वाचता मी केलेल्या निषेधाच्या दहा मिनिटांपेक्षा तो एक तास कितीतरी कामाचा होता.

या बाबतीत बाबासाहेबांचा दाखला आपण अर्धाच देतो. मनुस्मृतीचे दहन आपल्याला पाठ असते, महाड, २५ डिसेंबर १९२७. त्या ग्रंथातले कोणते वचन कोठे आहे हे त्यांना ठाऊक होते, ही गोष्ट आपण पुढच्या वाक्यात सांगायला विसरतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या बालपणाची आठवण दिली आहे. वडील रामजी सुभेदार घरात रामायण-महाभारत वाचायला लावीत. ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा गौरव आणि शूद्र-अस्पृश्यांची अवहेलना आहे ते आपण का वाचायचे, असे त्यांनी वडिलांना विचारले. मिळालेल्या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही आणि महाभारतातील पात्रेही त्यांना भावली नाहीत. म्हणजे हा साहित्यप्रकार त्यांनाही नावडता होता. पुढे मात्र त्याच ग्रंथांच्या बारकाईने केलेल्या अभ्यासातून १९४६ साली 'हू वेअर द शूद्राज?' हा ग्रंथ आला आणि मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेले 'रिडल्स इन हिंदुइझम' त्याच अभ्यासाचे फळ होते. नावड त्यांनी लपवली नाही, पण वाचन थांबवण्याचे निमित्तही तिला होऊ दिले नाही. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की केवळ ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका. ऐकीव म्हणून नाकारणेही त्यातच मोडते, असे मला वाटते.

दुसरा प्रकार भीतीने टाळलेल्या पुस्तकांचा. रागाची यादी आपण अभिमानाने सांगतो, ही सांगत नाही. दर वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाऊन परतताना माझ्या पिशवीत पुस्तके असतात. गेल्या कित्येक वर्षांच्या पिशव्या आठवून पाहिल्या, तर त्यांत चरित्रे आहेत, भाषणांचे संग्रह आहेत, धम्मावरील पुस्तिका आहेत. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' एकदाच घेतले आणि अकरा वर्षे उघडले नाही. ज्यांचा फोटो घरात सर्वांत उंच जागी लावला आहे, त्यांचा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला १९२३ सालचा प्रबंध माझ्या कपाटात कोरा होता.

कारण साधे होते. अर्थशास्त्र, आकडे, विनिमय दर हे आपले काम नव्हे, असे कुणीतरी कधीतरी माझ्या मनात घालून ठेवले होते. कोणी, ते मला सांगता येणार नाही. शाळेत गणित चुकले की मिळणाऱ्या टोमण्यांनी घातले असेल, इतिहास-मराठीतच आपली मुले बरी अशा समजुतीने घातले असेल. माणसाला एखाद्या दालनाबाहेर ठेवायचे तर दर वेळी दाराशी पहारेकरी लागत नाही. काही वेळा तो आपणच आपल्यासाठी नेमतो.

शेवटी वाणिज्य शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर रविवारी दोन-दोन तास बसून ते पुस्तक वाचले. पुष्कळ भाग पहिल्यांदा डोक्यावरून गेला. जे समजले ते मात्र कायमचे समजले. आपला रुपया चांदीचा आणि विलायतेचा पौंड सोन्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत चांदीचे भाव उतरत गेले तसा पौंडाच्या हिशेबात रुपयाही उतरत गेला. १८९३ साली सरकारने टांकसाळींत लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणे बंद केले. हे सारे कोरडे वाटते ना? पण रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते आणि देशाचा फायदा होतो, या म्हणण्यापाशी बाबासाहेब येतात आणि देशाचा म्हणजे कोणाचा, असे विचारतात. बाजारभाव ज्या गतीने चढतात त्या गतीने मजुरी चढत नाही. तेव्हा जो फायदा राष्ट्राचा म्हणून सांगितला जातो, तो एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्या वर्गाच्या खिशात गेलेला असतो. पुढे हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखालील चलनविषयक रॉयल कमिशनपुढेही त्यांनी साक्ष दिली.

ते पान वाचताना मला माझे वडील आठवले. ते नगरपालिकेत नोकरीला होते. पगाराच्या दिवशी ज्वारीचा भाव विचारून ते घरी येत आणि आईला म्हणत, "पगार तोच हाय, पायली बदलली." विनिमय दरावरचे पुस्तक माझ्या घराविषयीचे आहे, हे कळायला मला अकरा वर्षे लागली.

जाता जाता याच भीतीचे दुसरे रूप सांगतो. आमच्या पिढीच्या घरांत विनोदी पुस्तक किंवा रहस्यकथा वाचणे म्हणजे वेळेची चैन समजली जाई. 'परीक्षेला उपयोग काय?' हा एकच निकष होता. गरिबीतून वर येणाऱ्या घराला तो परवडत नसे, हे खरे. पण आता मुलगा गोष्टीचे पुस्तक वाचत असला, तर त्याच्या हातातून ते काढून मार्गदर्शक देऊ नका, एवढीच पालकांना विनंती करतो.

तिसरा प्रकार सांगताना लेखणी अडखळते. आपल्याच माणसांची आत्मकथने मी टाळली. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे, प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' त्यानंतर वर्षभराने आलेले, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० चे. मराठी साहित्याला हादरे देणारी ही पुस्तके. व्यासपीठावर मी त्यांची नावे घेत होतो, दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात ती लावली होती आणि त्यांतली बहुतेक मी पूर्ण वाचलेली नव्हती.

दहावीत असताना 'बलुतं' वाचनालयातून आणून एका संध्याकाळी मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवू लागलो. वडील रात्रशाळेत शिकलेले, वर्तमानपत्र अक्षर अक्षर लावून वाचणारे. बाबासाहेबांवरचे काहीही वाचले की मांडी घालून ऐकत. त्या दिवशी दोन पानांतच ते उठले. म्हणाले, "हे मला काय वाचून दाखवतूस? माझ्या पाठीला इचार की." आणि अंगणात जाऊन बसले. माझ्या लेखी ते साहित्य होते. त्यांच्या लेखी ती विसरण्याचा प्रयत्न चाललेली गोष्ट होती. त्यानंतर ते पुस्तक मीही मिटले आणि फार वर्षे मिटलेलेच ठेवले. ही पुस्तके आली तेव्हा आपल्याच सुशिक्षित मंडळींतून, जुनी घाण चारचौघांत कशाला उकरायची, असा सूर निघाला होता. त्या सुरात सूर मिसळावा असे मला कधी वाटले नाही, पण पुस्तक न उघडणे हाही त्याच सुराचा एक मुका प्रकार होता, हे आता कळते.

त्यातही स्त्रियांची आत्मकथने मी सर्वांत जास्त काळ टाळली. यामागचे कारण तर मी स्वतःलाही सांगितले नव्हते. फलटणच्या बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' अनेक वर्षे घरच्यांपासून लपवून लिहिले. पुढे त्यांनी वंचित मुलांसाठी निवासी शाळाही चालवली, म्हणजे त्या आपल्याच वाटेवरच्या. शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा', ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' हीही अशीच पुस्तके. 'बलुतं' वाचताना बोट बाहेरच्या माणसाकडे वळवता येते. 'जिणं आमुचं'मध्ये गावकुसाबाहेरच्या घरातही दार लावून बाईला मारले जाते आणि मारणारा आपलाच असतो. तो कुणाचा आजा आहे, कुणाचा बाप आहे. तिथे बोट वळवायला जागा उरत नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा शोध घेऊन लिहिलेले 'आम्हीही इतिहास घडवला' हे तर माझ्या विषयाचे पुस्तक. इतिहासात एम. ए. केलेल्या मास्तराने ते वयाच्या पंचेचाळिशीनंतर वाचले. त्याला बायकांचे पुस्तक समजून मी ते बाजूला ठेवले होते. ही कबुली विद्यार्थिनींसमोर द्यावी म्हणूनच इथे लिहितो आहे.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे जे टाळावेसे वाटते ते प्रत्येकाने वाचलेच पाहिजे, असा तुमचा निष्कर्ष. काही वर्षांपूर्वी मीही तसेच समजत होतो आणि त्या समजुतीतून माझ्या हातून एक अपराध घडला.

आत्मकथने वाचू लागल्यावर मला नव्या भक्ताचा उत्साह आला होता. नववीच्या वाचन तासाला मी एका आत्मकथनातला मेलेले जनावर ओढून नेण्याचा प्रसंग निवडला आणि समोरच्या बाकावरील एका मुलाला मोठ्याने वाचायला सांगितले. त्याचा आवाज चांगला होता, एवढेच माझ्या मनात होते. त्याच्या आजोबांनी हेच काम केले होते आणि ते वसतिगृहातील काही मुलांना माहीत होते, हे मला माहीत नव्हते. त्याने तीन ओळी वाचल्या आणि तो थांबला. मागून कुणीतरी हसले. संध्याकाळपर्यंत त्याला एक टोपणनाव चिकटले. ते दहावी संपेपर्यंत सुटले नाही. आपलीच मुले, आपलेच वसतिगृह. मी काय केले? दुसऱ्या दिवशी साऱ्या वर्गाला स्वाभिमानावर भाषण दिले. तो माझा दुसरा अपराध. त्या मुलाने पुढे ग्रंथालयात पाऊल टाकले नाही.

मोठ्या माणसाने स्वतःच्या भीतीला, रागाला, लाजेला जाब विचारावा, हे योग्यच आहे. चौदा वर्षांच्या मुलाला चारचौघांत तो जाब द्यायला लावण्याचा अधिकार कोणत्याही शिक्षकाला नाही. माझ्या वडिलांनी पुस्तक ऐकायला नकार दिला, तो पळपुटेपणा नव्हता. ज्याने सोसले त्याला न वाचण्याचा हक्क आहे. ज्याने सोसलेले नाही आणि त्या सोसण्याच्या बळावर जो पदवी घेऊन, नोकरी मिळवून पक्क्या घरात बसला आहे, त्या माझ्यासारख्याला मात्र तो हक्क तितक्या सहज घेता येणार नाही.

म्हणून संस्थेपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे दोन सूचना ठेवतो. ग्रंथालयात एक वही ठेवावी. त्या वहीत मुलांनी अर्धवट सोडलेल्या किंवा उघडूनही न पाहिलेल्या पुस्तकांची नोंद करावी आणि जमल्यास कारण लिहावे. नाव लिहिण्याची सक्ती नसावी. 'कंटाळा आला', 'कळले नाही', 'भीती वाटली', 'घरची आठवण आली', कोणतेही कारण चालेल. कोणत्या पुस्तकापाशी मुलांना सोबतीची गरज आहे, हे त्या वहीतून शिक्षकांना कळेल.

दुसरी सूचना सोबतीचीच. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे सामुदायिक वाचन होते. एकट्याने न उघडला जाणारा ग्रंथ शंभर माणसे मिळून पूर्ण करतात. वाचणारा अडखळला तर शेजारचा पुढे वाचतो आणि कुणी हसत नाही. हीच रीत आपण महिन्यातून एका रविवारी, ज्यांना यायचे असेल त्यांच्यापुरती, कोऱ्या चिठ्ठीच्या पुस्तकांसाठी चालवावी. माजी विद्यार्थ्यांपैकी जे बँकेत, वकिलीत, दवाखान्यात आहेत त्यांनी आपापल्या विषयाचे एक अवघड पुस्तक घेऊन मुलांजवळ बसावे. अर्थशास्त्राच्या पुस्तकाला घाबरलेल्या मला एका सहकाऱ्याचे रविवार मिळाले, म्हणून ते पार पडले.

त्या मुलाविषयी सांगायचे राहिले. तो आता चाळिशीकडे झुकला आहे. दोन वर्षांपूर्वी माजी विद्यार्थी मेळाव्याला आला होता. मी त्याला बाजूला घेऊन माफी मागितली. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, ते पुस्तक मी विकत घेतलंय. घरात आहे. अजून उघडलं नाही."

मी म्हणालो, "असू दे."

याहून अधिक काही मला सुचले नाही, आणि सुचले नाही तेच बरे झाले, असे आज वाटते.

जय भीम! नमो बुद्धाय!